सेकंडहँड बाईक आणि मजुरीचे नऊशे रुपये

सेकंडहँड बाईकच्या सर्व्हिसिंगचं बिल हातात पडलं की आपल्याकडे एक डायलॉग ठरलेला असतो. "तीस हजाराची गाडी आणि सव्वापाच हजाराचं सर्व्हिसिंग? काय लुटायला बसलेत का!" ऐकायला हिशोब चोख वाटतो. पण माझ्या मते हा हिशोबच चुकीचा आहे.

ब्रेक पॅडला गाडीची रिसेल व्हॅल्यू कळत नाही हो. तोच पॅड नव्या गाडीला जेवढ्याला पडतो तेवढ्यालाच दहा वर्षं जुन्या गाडीला. उलट जुनीला खर्च जास्तच. फ्री सर्व्हिसिंगची मजा पहिल्या मालकाने घेऊन झालेली असते. तुमच्या वाट्याला येते ती इतिहास नसलेली गाडी. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर डॉक्युमेंटेशन नसलेला कोड, आणि लिहिणारा कंपनी सोडून गेलेला! ब्रेक फ्लुइडचंच घ्या. ते हवेतली ओल शोषतं, म्हणून साधारण दर दोन वर्षांनी बदलायचं. नाही बदललं तर लांबलचक घाट उतरताना ब्रेक तापतात, फ्लुइड उकळतं आणि ऐनवेळी लिव्हर लोण्यासारखा आत जातो. मागच्या मालकाने ते कधी बदललं होतं? कुणालाच माहीत नाही.

आता ते बिल उघडून बघू. समजा दहा वर्षं जुनी दीडशे सीसीची गाडी आहे. चेनसेट 1,650, कोनसेट 550, इंजिन ऑइल 450, पुढचे पॅड 350, मागचे ब्रेक शू 250, एअर फिल्टर 250, क्लच केबल 150, प्लग 120. मग पॉलिश, इंजिन फ्लश, 'कोटिंग' वगैरे 580. आणि मजुरी 900. एकूण 5,250. म्हणजे सहा रुपयांतला जेमतेम एक रुपया काम करणाऱ्या माणसाचा.

आणि गंमत बघा, आपण घासाघीस नेमकी त्या एका रुपयावर करतो! पार्टवर छापील किंमत असते, तिथे आपण गप्प. 22 सप्टेंबर 2025 पासून पार्टवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला, पण आपली ही सवय काही गेली नाही.

याचा परिणाम काय होतो? गाडी मिसफायर करतेय म्हणून तुम्ही कोपऱ्यावरच्या गॅरेजात जाता. मेकॅनिक आवाज ऐकतो, दोन मिनिटांत प्लगची सैल कॅप घट्ट बसवतो आणि पन्नास रुपये मागतो. आपण म्हणतो, "अरे दादा, नुसती कॅप दाबलीस, त्याचे पन्नास?" त्या दोन मिनिटांमागची वीस वर्षं आपल्याला दिसत नाहीत. पुढच्या वेळी तो म्हणतो, "साहेब, प्लग गेलाय." नवा प्लग, वर मजुरी, आणि आपण समाधानाने पैसे देतो, कारण हातात काहीतरी डबी आली! मेकॅनिक लबाड असतातही, नाही असं नाही. पण निदानाचे पैसे द्यायचे नाहीत आणि वस्तूचे निमूट द्यायचे, हा नियम आपणच केलाय. मग बिलात वस्तू वाढणारच.

आयटीत आम्ही तासांवर बिल लावतो, बग शोधायला दोन दिवस लागले तर दोन दिवसांचे पैसे घेतो. तिथे कुणी म्हणत नाही की एकच ओळ तर बदललीस! तोच माणूस गॅरेजात शंभर रुपयांसाठी हुज्जत घालतो, हे मला पटत नाही.

मग करायचं काय? एक, गाडी घेतल्याबरोबर मेकॅनिकला सरळ सांगा की आधी नुसती तपासणी कर, त्याचे पैसे वेगळे देतो. त्याला पार्ट खपवायची घाई राहत नाही. दोन, यादीचे दोन भाग करून घ्या. ब्रेक, टायर, चेन, कोनसेट यांत काही निघालं तर लगेच. पॉलिश आणि कोटिंगला नम्र नकार. तीन, काढलेले जुने पार्ट परत मागा. चार, ऑइल बाईकचंच घाला, पिंपावर जासो एमए लिहिलेलं. बहुतेक बाईकचा क्लच ऑइलमध्येच बुडालेला असतो, कारचं ऑइल घातलं तर तो स्लिप होऊ शकतो. पाच, तारीख आणि किलोमीटर वहीत लिहून ठेवा. गाडी विकाल तेव्हा वहीसकट द्या, पुढचा मालक दुवा देईल.

हे सगळं करूनही बिल चार-साडेचार हजार होईल, फार कमी नाही. पण त्यातला जास्त पैसा कौशल्याला जाईल आणि ब्रेक लागतील. मला तरी हा सौदा महाग वाटत नाही.

असो. रविवार आहे, चेनला ल्यूब मारायचंय. त्याला मात्र मेकॅनिक लागत नाही!