माती कुठे दिली?

बागलाण तालुक्यातल्या नामपूरच्या ग्रामपंचायतीतून पणजोबांचा मृत्यूचा दाखला काढा. नाव मिळेल, तारीख मिळेल, कुठे वारले तेही कळेल. माती कुठे दिली ते मात्र कळणार नाही. 1969च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याखालच्या अर्जात तो रकानाच नाही.

दहन करणाऱ्यांना याचे फारसे काही वाटत नाही. रक्षा विसर्जित झाली की जागेचा प्रश्न मिटतो. पण मुसलमान, ख्रिस्ती, लिंगायत, महानुभाव, गोसावी आणि कितीतरी आदिवासी कुटुंबे पुरतात. तान्ही लेकरे तर बहुतेक सगळेच पुरतात. मळ्याच्या कडेला किंवा नाल्याकाठी असलेली ही जागा चार म्हाताऱ्यांना ठाऊक असते. म्हातारे जातात, बांध सरकतो, एक दिवस तिथे कांद्याची चाळ उभी राहते.

अशा वेळी कामी येते ती वर्तमानपत्राच्या जिल्हा पानावरची जुनी निधनवार्ता. 'पश्चात पत्नी, दोन मुले, सुना, नातवंडे' एवढे वाचून आपण पान उलटतो. पण अंत्यविधी कुठे झाला, हे सांगणारे वाक्य असलेच तर त्याच्याच आसपास असते. एका वार्तेने काही सिद्ध होत नाही. एकाच समाजाच्या पाच-दहा वार्तांत तोच नाला, तोच रस्ता आला, की जुना सर्व्हे नंबर आणि गाव नकाशा काढून बसता येते. शोधणाऱ्याने नुसते 'निधन' शोधू नये. लिंगायतांच्या वार्तेत माणूस 'लिंगैक्य' होतो, ख्रिस्ती वार्तेत 'प्रभूमध्ये झोपी' जातो.

इंग्रजांच्या वारसांनी हे काम केव्हाच हाती घेतले. 'बॅक्सा' ही ब्रिटिश संस्था 1976पासून दक्षिण आशियातल्या इंग्रजांच्या दफनभूमींच्या नोंदी करते आहे. 'फिबिस' या कुळशोध करणाऱ्या संस्थेने 'टाइम्स ऑफ इंडिया'तल्या जुन्या मृत्युवार्तांची सूचीच केली. कंपनी सरकारच्या काळात इथे मेलेला गोरा अंमलदार लंडनच्या घरात बसून सापडू शकतो. नामपूरच्या आसपासच्या मोसम खोऱ्यात साठ वर्षांपूर्वी गेलेला आपला माणूस सापडत नाही, कारण आपल्या वर्तमानपत्रांतल्या निधनवार्तांची अशी सूची कोणी केल्याचे ऐकिवात नाही. 'गावकरी' हे वर्तमानपत्र 1938पासूनचे. नाशिकचे सार्वजनिक वाचनालय तर 1840चे. जुन्या फायली जिथे म्हणून टिकल्या असतील, तिथून निदान बागलाणच्या निधनवार्ता तरी वेगळ्या काढाव्यात. इतिहासाच्या विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून दरवर्षी तेच तेच किल्ले कशाला द्यायचे?

आणि यापुढच्या मातीचे काय? शहरात दफनभूमीला निदान राखणदार असतो, गावात बहुधा कोणीच नसतो. जागेची नोंद ठेवायला कायदा बदलण्याची वाट पाहायला नको. ग्रामसभेने ठराव करावा, ग्रामसेवकाने एक वही घालावी. तिच्यात चारच रकाने हवेत: नाव, तारीख, गट नंबर आणि कोणत्या बांधापासून किती पावलांवर.