सुई धरली, पेन्सिल सापडली



आज खता-औषधांची गोष्ट बाजूला ठेवतो.

गेल्या उन्हाळ्यात बांधावरून घसरलो, पाय मुरगळला आणि तीन आठवडे घरी बसावे लागले. ओसरीवर सौ. गोधडी शिवत होत्या. लुगडी माझ्या आईची. ती गेल्यापासून ट्रंकेत पडून होती. "अहो, किरकिर करण्यापेक्षा चार टाके घाला," म्हणत त्यांनी सुई माझ्या हातात दिली.

गोधडीला घाई चालत नाही. लुगडी एकावर एक अंथरायची, सुरकुती मोडायची, लांब टाक्यांनी टाचून घ्यायची. मग कडेपासून धावदोरा घालत फेरीफेरीने आत यायचे. दोरा ओढला तर कापड चुणते; सैल सोडला तर टाका जोडव्यात अडकतो. माझे पहिले टाके नवख्या गड्याच्या पाभरीसारखे वाकडे. सौ.नी ते उसवायला लावले. आठ दिवसांनी हात बसला, तसे मनही बसले.

शेवटी मधोमध ठिगळ लावायचे होते. "आईंना आवडेल असे काही काढा," त्या म्हणाल्या. मी खडूने ज्वारीचे कणीस काढले आणि एकदम आठवले, कॉलेजात मी पिकांच्या, तणांच्या चित्रांनी वह्या भरत असे. नोकरीत अहवाल वाढले. पेन्सिल 30 वर्षे सुटली होती.

आता शिवारात जाताना खिशात छोटी वही असते. 2018 साली आपल्या देशात प्रथम आढळलेली मक्यावरची अमेरिकन लष्करी अळी मी अनेकदा काढली. डोक्यावर इंग्रजी वाय अक्षर उलटे, शेपटीजवळ चौकोनात चार काळे ठिपके. भाषणात सांगून ही खूण लक्षात राहत नसे. चित्र दाखवले की शाळकरी पोरेही पोंग्यातली अळी ओळखतात.

तुमच्यातही कुणी पेटी वाजवत असेल, कुणी ओव्या रचत असेल. संसाराच्या धबडग्यात ते मागे पडले असेल. येत्या झडीच्या दिवसांत हाताला एखादे संथ काम द्या. दोरी वळा, टोपली विणा, गोधडी शिवा. हात लयीत चालला की राहून गेलेले आपसूक वर येते.

आमच्या गोधडीतले कणीस जरा वाकडेच आहे. मी उसवायला निघालो, तर या वेळी सौ.नीच हात धरला.