लेण्याला 'केव्ह' म्हणणाऱ्यांस

दगडाला राग येत नाही, म्हणून त्याला कुणी काहीही म्हणावं काय?

आमच्या किनवटकडून माहूरला गेलात तर तिथं पांडवलेणं आहे. डोंगर पोखरून खांबांवर तोललेलं ऐसपैस काम. पण शहरातला पाहुणा एसटीतून उतरतो न उतरतो तोच विचारतो, "अहो, ती पांडव केव्हज कुठं?"

या केव्हबाईंचं माहेर तरी बघा. लॅटिनमध्ये 'कावुस' म्हणजे पोकळ. फ्रेंचांनी 'काव्ह' हे नाव दारूच्या तळघराला दिलं, तर इटलीत 'कावा' म्हणजे चक्क दगडाची खाण! जर्मनांची 'ह्योले' तीही पोकळच. इटलीची 'ग्रोत्ता' निघाली ग्रीकांच्या 'लपवणे'वरून. आणि आपल्या गुहेतला 'गुह्' धातूही लपवण्याचाच. थोडक्यात, गुहा इथून तिथून एक तर रिकामी, नाही तर लपलेली. अस्वलानं खुशाल झोपावं तिथं, माझी ना नाही.

लेण्याचं कूळ निराळं. ते 'लयन'वरून आलं. लयन म्हणजे विसाव्याची जागा. नाशिकच्या सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या शिलालेखांत 'लेण' हाच शब्द आहे, शेजारी दान देणाऱ्याचं नावही आहे. गुहा सापडते, लेणं करावं लागतं. पिढ्यान् पिढ्या पाथरवटांनी छिन्नी चालवली आणि आपण एका शब्दात त्यांची मजुरी बुडवली!

वेरूळचा कैलास घ्या. आठव्या शतकात राष्ट्रकूटांनी कळसापासून खाली कोरत आणलेलं उभं मंदिर. त्याचं सरकारी नाव काय, तर 'केव्ह नंबर १६'! डोक्यावर आभाळ असलेली दुसरी गुहा दाखवा, मी किनवटहून माहूरला पायी जाईन.

तुम्ही म्हणाल, परदेशी पाहुण्याला कळायला नको? का हो, त्याला 'स्तूप' कळतो, 'साडी' कळते, मग 'लेणी' म्हणताना त्याची जीभ अडखळते होय? खरं म्हणजे त्याला कुणी शिकवलंच नाही. जागतिक वारशाच्या यादीत १९८३ साली अजिंठा नि वेरूळ गेले, तेही 'केव्हज' होऊनच.

दिसेल ते कोरीवकाम पांडवांच्या नावावर खपवण्याची आपली खोड जुनीच. पण त्यात निदान एवढं तरी कबूल आहे, की हे कुणीतरी हातानं केलं. केव्हमध्ये तेवढंही नाही.