जॉर्ज हॅरिसनचीं ‘दुय्यम’ कामें

गायकाची योग्यता ठरवावयाची झाली कीं त्याच्या स्वतःच्या नांवावर निघालेल्या ध्वनिमुद्रिका मोजावयाच्या, त्यांच्या खपाचे आंकडे मांडावयाचे, आणि दुसऱ्यांसाठीं त्यानें जें कांहीं केलें असेल त्याची बोळवण ‘इतर उद्योग’ या सदराखालीं शेवटच्या परिच्छेदांत करून मोकळें व्हावयाचें, अशी एक रूढि पाश्चात्य संगीतसमीक्षेंत पडून गेली आहे. आणि आमच्याकडील लेखकांनींही ती निमूटपणें उचलली आहे. या रूढीनें ज्यांच्यावर अन्याय केला त्यांत बीटल्स या इंग्रज वाद्यवृंदांतील गिटारवादक जॉर्ज हॅरिसन (१९४३–२००१) हा प्रमुख होय. त्याच्या चरित्राचा ठराविक सांचा असा: बीटल्समध्यें तो लेनन व मॅकार्टनी यांच्या सावलींत तिसरा, १९७० सालीं ‘ऑल थिंग्ज मस्ट पास’ हा तीन तबकड्यांचा संच काढून तो एकदां तळपला, पुढें मित्रांचीं, भजनी मंडळ्यांचीं व भारतीय वादकांचीं कामें करण्यांत त्यानें आपली शक्ति उधळली, आणि मग तो मंदावला. आमचें म्हणणें याच्या नेमकें उलट आहे. ज्याला उधळपट्टी म्हणतात तेंच हॅरिसनचें मुख्य कार्य होतें, असें आम्ही समजतों. हा केवळ एका परदेशी गायकाचा कैवार नव्हे. दुसऱ्याला पुढें आणणारें काम ही कला कीं नुसता उपकार, हा प्रश्न त्यांत गुंतलेला आहे. आणि त्या प्रश्नाच्या चुकीच्या उत्तरापायीं आमच्याच कांहीं वादकांचीं नांवें कित्येक वर्षें अंधारांत राहिलीं.

प्रथम ध्वनिमुद्रिकेचा निर्माता म्हणजे कोण, तें स्पष्ट केलें पाहिजे. चित्रपटाचा निर्माता पैसा पुरवितो, म्हणून ध्वनिमुद्रिकेचा निर्माताही असाच कोणी सावकार असावा, असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुस्थिति तशी नाहीं. गायकाच्या दहा गाण्यांपैकीं कोणतें घ्यावयाचें, त्याची लय किती ठेवावयाची, कोणतें वाद्य कोठें बोलवावयाचें व कोठें गप्प बसवावयाचें, एकच गाणें पांच वेळां गाइलें गेलें असतां त्यांतील कोणतें राखावयाचें, आणि अखेर निरनिराळे मुद्रित केलेले नाद कोणत्या प्रमाणांत एकत्र मिसळावयाचे, हे सर्व निर्णय निर्मात्याचे असतात. श्रोता ऐकतो तो आवाज गायकाचा. परंतु तो जसा कानीं पडतो तसा पाडण्याची जबाबदारी निर्मात्याची. हें काम करणाऱ्यास स्वतः संगीत कळावें लागतें, आणि त्याहून कठीण अशी गोष्ट म्हणजे, तें कळत असूनही आपलें घोडें पुढें दामटण्याचा मोह आवरावा लागतो.

हा मोह हॅरिसननें किती आवरला याचें पहिलें उदाहरण बिली प्रेस्टन या अमेरिकन कृष्णवर्णीय वादकाचें. १९६९ च्या जानेवारींत बीटल्समधील चौघांचें आपसांत बिनसलें असतां हॅरिसननें प्रेस्टनला वादनासाठीं आणून बसविलें; आणि ‘गेट बॅक’ ही तबकडी बाहेर पडली तेव्हां तिच्यावर बीटल्सच्या नांवासमवेत प्रेस्टनचेंही नांव छापलेलें होतें. पुढें हॅरिसननें प्रेस्टनच्या दोन ध्वनिमुद्रिकांच्या निर्मितीची जबाबदारी घेतली. त्यांतील दुसरी, ‘एन्करेजिंग वर्ड्स’, १९७० च्या सप्टेंबरांत इंग्लंडांत निघाली; तिच्यांत ‘माय स्वीट लॉर्ड’ व ‘ऑल थिंग्ज मस्ट पास’ हीं हॅरिसनचीं दोन गाणीं प्रेस्टननें गाइलेलीं आहेत. हॅरिसनचा स्वतःचा संच त्यानंतर सुमारें दोन महिन्यांनीं निघाला, आणि त्यांतील ‘माय स्वीट लॉर्ड’ हें गाणें इंग्लंड व अमेरिका या दोन्ही देशांत खपाच्या यादींत पहिल्या क्रमांकावर चढलें. आतां आम्ही विचारतों, ज्या गाण्यानें कर्त्याला अमाप कीर्ति दिली तें त्यानें आधीं दुसऱ्याच्या ओंजळींत टाकलें, ही गोष्ट ‘इतर उद्योग’ या सदरांत कशी बसते? उरलेसुरलें वाटून टाकणारा मनुष्य पहिला घास दुसऱ्याला देत नसतो.

दुसरें उदाहरण लंडनच्या राधाकृष्ण मंदिरांतील भक्तांचें. १९६९ सालीं हॅरिसननें त्यांच्याकडून ‘हरे कृष्ण’ मंत्राची तबकडी करून घेतली, आणि ती इंग्लंडच्या यादींत बाराव्या क्रमांकापर्यंत गेली. यावर नाक मुरडून असें म्हटलें जातें कीं, बीटलचें नांव मागें होतें म्हणून ती खपली. त्यांत कला कसली? नांवाचा उपयोग झाला हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु नामसंकीर्तन म्हणजे काय तें आमच्या वाचकांस सांगावयास नको. तें तासन्‌तास चालतें, हळूहळू चढतें, आणि त्यांत गाणारा व ऐकणारा असा भेदच उरत नाहीं. असलें संकीर्तन सुमारें साडेतीन मिनिटांच्या तबकडींत बसवावयाचें, त्याची चढण तुटूं द्यावयाची नाहीं, आणि ज्याला त्या शब्दांचा गंधही नाहीं अशा श्रोत्याचें लक्ष शेवटपर्यंत धरून ठेवावयाचें, हें केवळ नांवाच्या जोरावर साधत नाहीं. आपल्या पद्धतीचें इंग्रजी गाणें रचून त्यांत मंत्राची फोडणी घालणें हॅरिसनला अधिक सोपें होतें. येथें त्यानें मंत्र मंत्र म्हणूनच राहूं दिला.

आतां प्रतिपक्षाचा सर्वांत बळकट आक्षेप घेऊं. तो १९७४ सालाकडे बोट दाखवितो. त्या वर्षीं हॅरिसननें ‘डार्क हॉर्स’ नांवाची स्वतःची ध्वनिमुद्रणसंस्था काढली. ‘स्प्लिंटर’ या नवख्या जोडीची ध्वनिमुद्रिका केली. पंडित रविशंकर यांच्यासह भारतीय वादकांचा मोठा संच युरोपांत नेला व त्यांचें वादन आपल्या घरीं मुद्रित केलें. आणि या सर्व धांवपळींत स्वतःची ध्वनिमुद्रिका घाईनें उरकून उत्तर अमेरिकेच्या दौऱ्यावर निघाला. घसा बसला; समीक्षकांनीं त्याच्या फाटक्या आवाजाची यथेच्छ टवाळी केली. त्याआधीं १९७१ सालीं ‘बॅडफिंगर’ या वाद्यवृंदाची ‘स्ट्रेट अप’ ही ध्वनिमुद्रिका अर्ध्यावर टाकून तो बांगलादेशाच्या साहाय्यार्थ होणाऱ्या जलशाकडे वळला, आणि ती टॉड रंडग्रेन या दुसऱ्याच निर्मात्यास पुरी करावी लागली.

या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि बॅडफिंगरच्या बाबतींत हॅरिसनचें समर्थन आम्ही करणार नाहीं. स्वीकारलेलें काम अर्ध्यावर सोडणें हा निर्मात्याच्या धर्माचा भंग आहे. कारण कितीही उदात्त असलें तरी त्याची किंमत दुसऱ्याला मोजावी लागली. परंतु या दोषावरून जें अनुमान काढण्यांत येतें तें उफराटें आहे. दोष काम अपुरें राहिल्याचा आहे. तें काम हलकें होतें असें त्यावरून मुळींच ठरत नाहीं. त्याच अपुऱ्या ध्वनिमुद्रिकेंतील ‘डे आफ्टर डे’ हें गाणें हॅरिसनच्या देखरेखीखालीं झालेलें आहे. त्यांत पीट हॅम या त्या वृंदांतील गायकाबरोबर हॅरिसननें गिटारीच्या तारेवर नळी सरकवून काढलेले मींडयुक्त स्वर वाजविले आहेत. ही शैली म्हणजे त्याची स्वतःची ओळख. तीही त्यानें दुसऱ्याच्या गाण्यांत ठेवून दिली. १९७४ च्या बाबतींत तर आमचें एवढेंच विचारणें आहे कीं, त्या वर्षाचा हिशेब मांडतांना एका घशाचीच नोंद कां व्हावी? शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया, अल्लारखा, लक्ष्मी शंकर, सुलतान खाँ हे एकत्र वाजले-गाइले, त्यांतून १९७६ सालीं ‘म्यूझिक फेस्टिव्हल फ्रॉम इंडिया’ ही ध्वनिमुद्रिका निघाली. ती जमेच्या बाजूला कोणीं मांडावयाची? जो समीक्षक ती मांडीत नाहीं त्याच्या वहींत हॅरिसन कर्जबाजारीच दिसणार.

येथें आमच्या लेखकांस आवडणारी एक कल्पनाही मोडून काढली पाहिजे. बीटलनें सतार जगापुढें नेली व रविशंकरांस मोठें केलें, असें आम्ही अभिमानानें लिहितों. आणि त्यांत आपलाच कमीपणा लिहितों, हें आमच्या ध्यानांत येत नाहीं. हॅरिसनची व रविशंकरांची भेट १९६६ सालीं झाली. त्यापूर्वीं दहा वर्षें, १९५६ सालीं, रविशंकरांची ‘थ्री रागाज’ ही ध्वनिमुद्रिका पश्चिमेकडे निघालेली होती. सत्यजित राय यांच्या ‘पथेर पांचाली’चें संगीत १९५५ सालचें. हॅरिसननें त्यांच्या श्रोत्यांची संख्या कितीतरी पट वाढविली हें निर्विवाद. परंतु तो त्यांचा आश्रयदाता नव्हता, शिष्य होता. १९६६ च्या सप्टेंबरांत तो मुंबईस आला तो सतार शिकावयास. १ ऑगस्ट १९७१ रोजीं न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्यें झालेले दोन जलसे रविशंकरांच्या विनंतीवरून झाले. त्यांचा आरंभ रविशंकर व अली अकबर खाँ यांच्या जुगलबंदीनें करण्यांत आला, आणि तिकिटांचे २,४३,४१८ डॉलर युनिसेफकडे गेले. पुढें १९९७ सालीं ‘चँट्स ऑफ इंडिया’ ही वेदमंत्रांची व स्तोत्रांची ध्वनिमुद्रिका निघाली. निर्माता हॅरिसन, परंतु नांव व रचना रविशंकरांची, आणि हॅरिसनचीं वाद्यें त्यांत शोधून काढावीं लागतात. एके काळीं ज्याच्या दर्शनासाठीं लोक किंचाळत असत त्याला हें शोधावें लागणें साधलें, यांतच आमच्या मतें त्याच्या शिष्यत्वाची परीक्षा झाली.

परंतु ही वृत्ति हॅरिसनच्या ठिकाणीं पहिल्यापासून सारखी होती असेंही आम्ही म्हणत नाहीं. आणि येथेंच नांवांचा प्रश्न येतो. १९६६ च्या ‘रिव्हॉल्व्हर’ या ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर तबलावादक अनिल भागवत यांचें नांव स्पष्ट छापलेलें आहे. पुढच्याच वर्षीं ‘सार्जंट पेपर’ मध्यें हॅरिसनचें ‘विदिन यू विदाउट यू’ हें गाणें आलें. लंडनच्या एशियन म्यूझिक सर्कल या संस्थेकडून आलेल्या भारतीय वादकांनीं दिलरुबा, तंबोरा व तबला वाजवून तें उभें केलें. परंतु वेष्टनावर त्यांच्यापैकीं कोणाचेंही नांव नाहीं. त्या वेळीं निर्माता जॉर्ज मार्टिन होता ही सबब पुरेशी नाहीं. गाणें हॅरिसनचें होतें. नंतर १९६८ च्या जानेवारींत ‘वंडरवॉल’ या चित्रपटाच्या संगीतासाठीं तो पुन्हां मुंबईस आला. चित्रपटांतील दृश्यांचे काळ त्यानें घड्याळ लावून मोजून आणले होते, आणि एच्. एम्. व्ही. कंपनीच्या ध्वनिमुद्रणगृहांत आशिष खाँ, महापुरुष मिश्र, शिवकुमार शर्मा, बांसरीवादक केंकरे इत्यादि कलावंतांकडून त्यानें तें संगीत वाजवून घेतलें. याच मुक्कामांत ‘द इनर लाइट’ या बीटल्सच्या गाण्याची वाद्यसंगत मुंबईंतच मुद्रित झाली. ‘वंडरवॉल म्यूझिक’ ही कोणाही बीटलची पहिली स्वतंत्र ध्वनिमुद्रिका. आणि तिच्या वेष्टनावर हॅरिसन प्रामुख्यानें रचनाकार व निर्माता म्हणून उभा आहे, तर वादक म्हणून नांवें आहेत तीं या मंडळींचीं. १९६७ ची चूक १९६८ सालीं सुधारली गेली, आणि ती सुधारली गेली तो निर्माता झाल्यावर, ही गोष्ट आम्हांस अर्थपूर्ण वाटते.

शेवटचा आक्षेप मौनाचा. १९८७ च्या ‘क्लाउड नाइन’ नंतर मृत्यूपर्यंत, म्हणजे चौदा वर्षें, हॅरिसनच्या एकट्याच्या नांवावर नव्या गाण्यांची ध्वनिमुद्रिका निघाली नाहीं. म्हणून तो निवृत्त झाला असें लिहिलें जातें. या ‘निवृत्तींत’ त्यानें काय केलें? बॉब डिलन, रॉय ऑर्बिसन, टॉम पेटी व जेफ लिन यांच्यासमवेत ‘ट्रॅव्हलिंग विल्बरीज’ हा वृंद जमवून १९८८ व १९९० सालीं दोन ध्वनिमुद्रिका काढल्या. जगांत ज्यांचीं नांवें सोन्याच्या मोलानें विकलीं जातात अशा या पांचांनीं वेष्टनावर खोटीं नांवें घातलीं, आणि सर्व जण एकाच घरचे भाऊ असल्याची बतावणी केली. वर सांगितलेली वेदमंत्रांची ध्वनिमुद्रिकाही याच चौदा वर्षांतली. याला मौन म्हणावयाचें असेल तर तंबोऱ्यालाही मुका म्हणावें लागेल.

तात्पर्य, समीक्षकांनीं आपली मोजपट्टी बदलली पाहिजे. एखाद्या कलावंताच्या नांवावर काय आहे हें पाहून झाल्यावर, त्याच्यामुळें कोणाचा आवाज जगाला ऐकूं आला आणि तो विद्रूप न होतां आला काय, हेंही त्यांनीं तितक्याच गंभीरपणें तपासावें, व त्यांत जेथें तो चुकला तेथें तितक्याच कठोरपणें बोलावें. आणि आमच्या वाचकांस एवढीच विनंति कीं, घरांतल्या जुन्या तबकड्यांचीं वेष्टनें एकदां उलटून त्यांवरचीं बारीक अक्षरांतलीं नांवें वाचावींत. आणि जेथें तीं नाहींत तेथें तीं कां नाहींत, असें छापणाऱ्यांस विचारावें.