नट आवळणं म्हणजे उपाय नव्हे

मागच्या शनिवारी माझ्या जुन्या रूममेटबरोबर थंडरहिलला गेलो होतो. कॅलिफोर्नियात विलोज गावाजवळ हा रेस ट्रॅक आहे. ट्रॅक डे म्हणजे पैसे भरायचे, हेल्मेट घालायचं आणि आपलीच गाडी मनसोक्त पळवायची. साहेबांकडे नव्वदच्या दशकातली मियाटा आहे. मूळ गाडीला टर्बो नाही, ह्याने किट आणून घरीच बसवलाय.

दुसऱ्या सेशननंतर गाडी फटफटत परत आली. बॉनेट उघडलं तर टर्बो मॅनिफोल्डला धरून ठेवणाऱ्या चार नटांपैकी एक गायब, दुसरा हातमोज्यातल्या बोटांनीही फिरतोय. साहेबांनी पाना काढला. "अरे, दर वेळी होतं हे. नवा नट लावतो, आवळतो, मग तू पण बस शेजारी."

"दर वेळी होतं" म्हटलं की माझं डोकंच सरकतं. दर सोमवारी सर्व्हर झोपतो, कोणीतरी रीस्टार्ट करतं आणि "फिक्स्ड" लिहून मोकळं होतं, त्यातलाच हा प्रकार!

मुळात नट सैल होण्याचे आजार दोन आहेत. पहिला, नट खरोखर उलटा फिरतो. गेरहार्ड युंकर ह्या जर्मन इंजिनिअरने १९६९ मध्ये दाखवलं, की जोड आडवा सरकत राहिला तर आट्यांची पकड सुटून नट आपोआप फिरतो. आपला लाडका स्प्रिंग वॉशर इथे कुचकामी. पूर्ण आवळल्यावर तो सपाट होतो आणि साध्या वॉशरसारखाच वागतो. नासाच्या १९९० च्या फास्टनर मॅन्युअलमध्येही हेच लिहिलंय.

दुसरा आजार जास्त लबाड. नट जागचा हलतच नाही, स्टड लांबतो. आवळलेला स्टड म्हणजे ताणलेलं रबर. तो ताण हीच पकड. एक्झॉस्टचा वायू ८००-९०० अंशांपर्यंत जातो, त्या धगीत साधं पोलाद मऊ पडतं आणि थंड झाल्यावर ताण गेलेला असतो. वीस मिनिटं भट्टी, मग गार, पुन्हा भट्टी, असं दिवसभर.

बाजारातले सोपे उपाय इथे चालत नाहीत. नायलॉनचा नट साधारण १२० अंशांना हार मानतो, नेहमीचा लाल थ्रेडलॉकर १५० च्या आसपास. वेज वॉशर किंवा दुमडायच्या पत्र्याचा वॉशर नटाला फिरू देत नाही, पण लांबलेल्या स्टडला तो काय करणार? त्याला इनकोनेलसारख्या मिश्रधातूचाच स्टड हवा. महाग आहे, मान्य. शिवाय फ्लँज सपाट करून घ्या आणि टर्बोला खालून ब्रॅकेटचा आधार द्या. सगळं ओझं चार स्टडवर लटकलं तर जोड हलणारच.

पण खर्चाच्या आधी निदान करा, एवढंच माझं म्हणणं. नट आणि स्टडच्या टोकावर छिन्नीने एक सरळ खूण करा. पुढच्या वेळी नट सैल सापडला आणि खूण सरकलेली असेल, तर तो फिरलाय. खूण जागेवर असेल, तर स्टड लांबलाय किंवा गॅस्केट दबलंय. झालं की नाही फुकटचं लॉगिंग?

त्या दिवशी मी शेजारी बसलो नाही. टर्बोला तेल देणारी नळी तिथूनच चार बोटांवर जाते. टर्बो लटकून ती तुटली, तर गरम लोखंडावर तेल म्हणजे थेट आग. साहेब चिडले, "तू फारच घाबरट आहेस" म्हणाले. मग बराच वेळ बॉनेटमध्ये बघत राहिले आणि पाना पेटीत ठेवला. उरलेल्या सेशन्सची फी बुडाली.

बुधवारी फोन आला. "तीन खुणा जागच्या जागी आहेत रे, आणि एक स्टड बाकीच्यांपेक्षा लांब भरतोय." तो सोमवारीच छिन्नी घेऊन बसला होता, दोनदा गाडी तापवून आला होता. नवे स्टड मागवलेत.

पुढच्या वेळी मी बसणार आहे. आधी खुणा बघून, अर्थात!