कागदात गुंडाळलेली गोष्ट

लहानपणी आजीबरोबर शहापुरातील औषधाच्या दुकानात जाण्याचे काम माझ्याकडे असे. दुकानातील काका बहुतेक औषधे साध्या पाकिटात घालून देत. काही वस्तू मात्र वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून, वर दोरा बांधून हातात ठेवत. जी वस्तू महाग तिला कागद जास्त, अशी माझी तेव्हा समजूत होती. खरे कारण कळायला बरीच वर्षे जावी लागली. गिऱ्हाइकाने काय नेले हे रस्त्याला कळू नये, एवढाच त्या कागदाचा हेतू. हे काकांना कोणत्या कायद्याने शिकवले नव्हते.

जुने ते सोने, असे म्हणण्याचा मात्र माझा विचार नाही. काकांना अर्ध्या गल्लीचे आजार तोंडपाठ होते आणि काका बोलके होते. म्हणून तर शहापूरची मुले संकोचाचे औषध आणायला टिळकवाडीत जात, आणि टिळकवाडीची बहुधा शहापुरात येत. मोबाइलवरून औषध मागवण्याची सोय आली तेव्हा अनेकांना सुटल्यासारखे वाटले. समोर ओळखीचा चेहरा नाही, उंचावलेल्या भुवया नाहीत. सगळे बंद खोक्यातून घरपोच. ही सोय बंद करा म्हणणाऱ्यांपैकी मी नाही.

तरीही एका मित्राची हकीकत सांगितल्यावाचून राहवत नाही. त्याची परवानगी घेतली आहे. नाव आणि गाव मात्र वगळतो. त्याला अर्धशिशीचा त्रास आहे. डॉक्टरांनी रात्री घेण्यासाठी अ‍ॅमिट्रिप्टिलिनची दहा मिलिग्रॅमची गोळी दिली. ती त्याने मोबाइलवरून मागवली. खोके आले तेव्हा हा प्रॅक्टिकलला. वसतिगृहाच्या फाटकावरील मामांनी ते ठेवून घेतले. खोक्यावर पारदर्शक पिशवीत बिल चिकटवलेले होते. त्यावर नाव, मोबाइल नंबर, डॉक्टरांचे नाव आणि ठळक अक्षरांत औषधाचे नाव. कोणीतरी ते वाचले, मोबाइलवर शोधले आणि पहिलीच ओळ सापडली: नैराश्यावरील औषध. ते खोटे नाही; पण कमी प्रमाणात हीच गोळी अर्धशिशी रोखण्यासाठीही देतात. दुसऱ्या परिच्छेदापर्यंत वाचतो कोण? रात्रीच्या जेवणापर्यंत बातमी मेसभर झाली. खोलीतील सोबत्याने प्रेमापोटी दाढीची ब्लेडे लपवून ठेवली. "डोकं दुखतंय म्हणून घेतो म्हटलं, तर सगळे आणखीच हळू आवाजात बोलायला लागले," असे तो मला म्हणाला. तो हसत होता, पण त्या सत्रात तो मेसमध्ये फारसा दिसला नाही.

पंधरा दिवसांनी त्याला एका बाईंचा फोन आला. तणावमुक्तीचा काही वर्ग होता, सवलतीत. नंबर कुठून मिळाला, हे त्यांनी सांगितले नाही. तो त्या दुकानातूनच गेला असे मी सिद्ध करू शकत नाही, म्हणून तसा आरोप करीत नाही.

खोक्यावरचे बिल हा हलगर्जीपणा झाला. ते खोक्याच्या आत टाकले की संपले. मला चिंता वाटते ती संगणकात राहिलेल्या नोंदीची. औषधाचे नाव म्हणजे पुष्कळदा रोगाचेच नाव, किंवा मित्राच्या बाबतीत झाले तसे, चुकीच्या रोगाचे. काकांची स्मृती वयाबरोबर पुसट झाली, आणि ती कोणाला हजाराच्या भावाने विकता येण्यासारखी नव्हती. संगणकातील यादी थकत नाही, आणि ती विकता येते. ही कल्पनेची भरारी नव्हे. ब्रिटनमधील फार्मसी टू यू या ऑनलाइन औषधविक्रेत्याने वीस हजारांहून अधिक ग्राहकांची नावे व पत्ते विकल्याबद्दल तेथील माहिती आयुक्तांनी २०१५ साली त्याला १,३०,००० पौंडांचा दंड केला. भाव होता हजार ग्राहकांना १३० पौंड. घेणाऱ्यांत ऑस्ट्रेलियातील एक लॉटरी कंपनीही होती. आजारी माणसाची यादी लॉटरीवाल्याला कशाला हवी, हे वाचकांना सांगायला नको. अमेरिकेत २०२३ साली गुडआरएक्स या औषधांवर सवलत मिळवून देणाऱ्या कंपनीला पंधरा लाख डॉलर भरावे लागले. ग्राहकांच्या आरोग्याची माहिती तिने फेसबुक, गूगल यांसारख्यांकडे जाऊ दिली होती.

आपल्याकडे काय? २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०१८ साली ऑनलाइन औषधविक्रीसाठी नियमांचा मसुदा निघाला; ग्राहकाची माहिती गुप्त ठेवण्याचे कलम त्यात होते, पण त्या मसुद्याचे नियमांत रूपांतर काही झाले नाही. २०२३ साली व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, आणि कंपन्यांवरील मुख्य जबाबदाऱ्यांसाठी पुढे अठरा महिन्यांची मुदत दिली गेली. माहिती सांभाळण्यात कसूर केल्यास दंड अडीचशे कोटींपर्यंत. आकडा मोठा आहे. परंतु २०११ च्या नियमांत आरोग्याची माहिती 'संवेदनशील' म्हणून वेगळी काढलेली होती, तो वर्ग नव्या कायद्यात नाही. माझ्या चपलेचे माप आणि माझ्या मित्राची गोळी एकाच टोपलीत! हे मला पटत नाही.

नोंदच ठेवू नका, असे कोणी म्हणेल तर तेही भाबडेपणाचे होईल. क्षयाची औषधे, काही जहाल प्रतिजैविके, सवय लावणाऱ्या काही गोळ्या यांची विक्री रुग्णाच्या नावासह लिहून ती वही तीन वर्षे जपण्याचे बंधन दुकानदारावर आहे, आणि ते रास्त आहे. तेवढी नोंद ठेवावी. पण ती जाहिरात करणाऱ्या विभागाला का दिसावी? पुढच्या महिन्याची आठवण मी मागितल्याशिवाय माझ्या मोबाइलच्या पडद्यावर औषधाच्या नावासकट का झळकावी? ज्या घरात एक मोबाइल चौघांच्या हातात फिरतो, तेथे ती आठवण सुनेच्या आधी सासू वाचते.

आणखी एक गोष्ट, विशेषतः आपल्या भागासाठी. नव्या कायद्यात असे आहे की संमती मागताना ती सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातील कोणत्याही भाषेत वाचण्याची सोय द्यावी. त्या बावीस भाषांत मराठी आहे, कन्नडही आहे. दुकानांवरील पाट्या कोणत्या भाषेत असाव्यात यावर आपल्या गावात किती रक्त आटले आहे हे नव्याने सांगायला नको. पण आपल्या आईने कशाला 'मान्य आहे' म्हणून बोट टेकवले, ते तिला तिच्या भाषेत वाचता यावे असा आग्रह मी अजून कोणत्याही बाजूकडून ऐकलेला नाही. या अंकाचे दोन्ही विभाग वाचणाऱ्यांना या बाबतीत तरी एक अर्ज लिहिता येईल. मसुदा करायला मी तयार आहे. कन्नड प्रत कोणी करील काय?

मित्राने मोबाइलवरून औषध मागवणे सोडले आहे. गावातील दुकानदार वडिलांच्या ओळखीचे, म्हणून तिथेही तो घेत नाही. महिन्यातून एकदा तो बसस्टँडजवळच्या एका दुकानात जातो, जिथे त्याला कोणी ओळखत नाही. परवा मी बरोबर होतो. दुकानदाराने गोळ्यांची पट्टी पाकिटात घातली, बिल हवे का विचारले, आणि याने नको म्हणून मान हलवली.