गल्लीत पिंपळ नको!

शीर्षक वाचून काही धम्मबांधव रागावतील, याची आम्हाला कल्पना आहे. ज्या वृक्षाखाली सिद्धार्थ गौतमाला संबोधी प्राप्त झाली तो वृक्ष नको, असे आंबेडकरी दैनिकात छापून यावे म्हणजे काय? पण रागावण्यापूर्वी पुढचे वाचावे, एवढीच विनंती.

आमच्या वस्तीत पंधरा-सोळा वर्षांपूर्वी बुद्धपौर्णिमेला विहाराच्या भिंतीला लागून पिंपळाचे रोप लावले गेले. त्रिशरण-पंचशील झाले, खीर वाटली, फोटो निघाले. रोप लावणाऱ्यांत आम्हीही होतो, म्हणून हा दोष दुसऱ्या कोणाच्या माथी मारत नाही. बायाबापड्यांनी हंड्यातले पाणी घालून ते वाढवले. आज त्याच्या मुळाने विहाराची मागची भिंत वरपासून खालपर्यंत चिरली आहे. गल्लीतली सांडपाण्याची जुनी चिनीमातीची नळी सांध्यातून फुटली आणि केसांच्या गुंतवळासारखी मुळे आत शिरली. पावसाळ्यात मैला दारात येऊ लागला. शेवटी एक माणूस चेंबरमध्ये उतरवण्यात आला. कंबरेला दोरी, हातात कोयता, तोंडाला रुमाल. तो माणूस कोणत्या समाजाचा होता, हे आमच्या वाचकांना सांगावे लागत नाही.

२०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवणे हा गुन्हा ठरवला आहे. तरी माणसे उतरतात आणि मरतात. आपण भक्तिभावाने लावलेल्या झाडाचे मूळ तोडायला आपलाच भाऊ त्या घाणीत उतरणार असेल, तर कोणते झाड कुठे लावायचे हा प्रश्न बागकामाच्या हौसेचा राहत नाही.

पिंपळ, वड, उंबर ही एकाच कुळातली झाडे. पक्ष्याच्या विष्ठेतून पडलेले बी भिंतीच्या फटीतही रुजते आणि मूळ ओलावा शोधत जाते. जिथे पाणी झिरपते तिथे ते पोहोचणारच. मैदानात, माळावर, नदीकाठी, विहाराला मोठे आवार असेल तर तिथे पिंपळ जरूर लावावा. नागपूरच्या दीक्षाभूमीवरील बोधिवृक्षाला भोवताली मोकळी जमीन आहे, म्हणून तो डौलाने उभा आहे. आपल्या गल्ल्या किती रुंद? कुठे दहा फूट, कुठे पंधरा. एका बाजूला गटार, दुसऱ्या बाजूला पाण्याची लाईन, डोक्यावर विजेच्या तारा.

आणखी एक अनुभव सांगतो. गल्लीत पिंपळ वाढला की वर्षा-दोन वर्षांत त्याच्या बुंध्याशी शेंदूर फासलेला दगड येतो, मग दोरा, मग ओटा, मग ओट्यावर छप्पर. वर मुंजा राहतो म्हणून मुले संध्याकाळी तिकडे जात नाहीत. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या वस्तीच्या तोंडाशी हे घडते. असो.

राहिला प्रश्न धम्माचा. पाली परंपरेत प्रत्येक बुद्धाचा बोधिवृक्ष वेगळा सांगितला आहे, हे आपण विसरतो. विपश्यीचा पाटली म्हणजे पाडळ, वेस्सभूचा शाल, ककुसंधाचा शिरीष, कोणागमनाचा उंबर, कस्सपाचा वड आणि गौतमाचा अश्वत्थ म्हणजे पिंपळ. खुद्द तथागतांचा जन्म लुंबिनीत शालवृक्षाखाली झाला आणि महापरिनिर्वाण कुशिनाऱ्यात दोन शालवृक्षांच्या मध्ये. तेव्हा पिंपळ लावला नाही तर धम्म बुडाला, असे मानण्याचे कारण नाही.

सम्राट अशोकाचेही तेच. दिल्लीच्या फिरोजशहा कोटल्यावर आज जो टोपऱ्याचा स्तंभ उभा आहे, त्यावरच्या सातव्या लेखात सम्राटाने रस्त्याच्या कडेला वड लावल्याचे नोंदवले आहे, आणि कारणही दिले आहे : माणसांना व जनावरांना सावली मिळावी. आमराया लावल्या, विहिरी खोदल्या. दुसऱ्या शिलालेखात औषधी वनस्पती जिथे नव्हत्या तिथे आणून लावल्याचे म्हटले आहे. म्हणजे सम्राटाने आधी गरज पाहिली, मग झाड. बैलगाड्यांचे तांडे जाणाऱ्या राजमार्गाला वड शोभतो. आणि आम्ही अशोकाच्या नावाने काय केले? विहारांच्या, शाळांच्या आवारात ओळीने ते सुळक्यासारखे वाढणारे 'अशोक' लावले. तो खोटा अशोक. खरा अशोक म्हणजे सीताअशोक, केशरी-लाल फुलांचा, सदाहरित, गर्द. या खोट्या अशोकाची सावली त्याच्या बुंध्यापुरती. एक म्हातारी भाजीची पाटी घेऊन त्याखाली बसू शकत नाही. सावलीसाठी वड लावणाऱ्या सम्राटाची आठवण म्हणून बिनसावलीचे झाड लावणे, याला काय म्हणावे!

सरकारकडून अपेक्षा ठेवावी, तर तिथे आकड्यांचा खेळ. महाराष्ट्र शासनाने २०१७ ते २०१९ या तीन वर्षांत ४ कोटी, १३ कोटी आणि ३३ कोटी असे मिळून पन्नास कोटी वृक्षलागवडीचे लक्ष्य जाहीर केले होते. कोटींची भाषा आली की कोणते झाड कुठे, हा प्रश्न मागे पडतो. जे रोपवाटिकेत स्वस्त आणि भराभर वाढणारे असेल ते रस्त्यावर येते. मादागास्करचा गुलमोहर उन्हाळ्यात डोळ्यांना सुख देतो, पण मुळे उथळ आणि लाकूड ठिसूळ. पहिल्या वादळी पावसात फांदी पत्र्यावर. रेन ट्री साठ-सत्तर फूट पसरतो, तो हमरस्त्याचा, गल्लीचा नव्हे. नारळ आणि पाम सावली देत नाहीत. चेंबूरला २०१७ साली नारळाचे झाड अंगावर कोसळून एका महिलेचा बळी गेला, हे मुंबईकर विसरले नसतील. कोनोकार्पस हे परदेशी झाड भराभर हिरवे होते म्हणून शहरोशहरी लागले. गुजरातने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली.

पण देशी म्हणजे आपोआप योग्य, असेही नाही. सातवीण देशीच. ऑक्टोबरात ती रात्री फुलते तेव्हा खिडकीशी झोपणाऱ्या दमेकऱ्याला विचारा. शेवग्याच्या शेंगा कोणाला नको असतात? पण त्याची फांदी कटकन मोडते आणि शेंगांसाठी वर चढते ते पोर आपलेच असते. देशी बदामाची पाने ताटाएवढी. गटाराच्या जाळीवर चार पाने बसली की पाणी तुंबले. ती पाने सकाळी सहाला कोण झाडते, तेही लक्षात ठेवावे. झाड निवडताना झाडूवालीला कोणी विचारल्याचे आम्ही अजून ऐकले नाही. वास्तविक कोणते झाड कधी आणि किती कचरा करते, हे तिच्याइतके कोणाला ठाऊक असणार?

मग लावावे काय? आमचे स्पष्ट मत करंजाला. खाडीच्या खाऱ्या हवेत तग धरतो, मराठवाड्याच्या दुष्काळातही टिकतो. जुनी पाने उन्हाळ्याच्या तोंडाशी थोड्या दिवसांत झडतात आणि ऐन चैत्र-वैशाखात, पत्र्याची घरे भट्टीसारखी तापतात तेव्हा, झाड कोवळ्या हिरव्या पानांनी भरलेले असते. मोहोर गळून सडा पडतो, तेवढा त्रास आहे. बहावा दिसायला त्याहून देखणा, पण फुलतो तेव्हा अंगावर पान नसते. सावलीच्या दृष्टीने तो त्या दिवसांत निरुपयोगी. विदर्भात, मराठवाड्यात रस्ता जरा रुंद असेल तर कडुनिंब. कोकणपट्टीत आणि मुंबईत बकुळ; वाढायला सावकाश, पण बारमाही गर्द. तारांखाली आपटा, कांचन, पारिजातक यांसारखी बुटकी झाडे. आणि जिथे गल्ली दहा फुटांचीच आहे तिथे झाडाचा हट्ट नको. रुग्णवाहिका आत यायला हवी. तिथे नळकोंडाळ्यापाशी, वाचनालयासमोर, चौकाच्या कोपऱ्यावर जागा शोधावी.

लावायचे कधी? येथेही आपण चुकतो. चौदा एप्रिलला आणि बुद्धपौर्णिमेला रोपे लावण्याची प्रथा पडली आहे. दोन्ही दिवस भर उन्हाळ्यात. ज्या वस्तीत पहाटे चारला उठून दोन हंडे मिळवावे लागतात, तिथे त्यातला अर्धा हंडा रोपाला कोण घालणार? रोप जगते ते पहिल्या पावसानंतर. आषाढ पौर्णिमा, धम्मचक्र प्रवर्तनाचा दिवस, बहुधा जुलैत येते. तेथून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावास. या तीन महिन्यांत ठिकठिकाणच्या विहारांत 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथाचे रोज वाचन चालते, माणसे रोज जमतात. रोपाकडे पाहायला याहून चांगली सोय कोणती? पाऊस उघडला तरी वाचनाला येताना प्रत्येकाने बाटलीभर पाणी आणले तर काम भागते.

खड्डा मात्र मे महिन्यातच खणून तापू द्यावा. तीन फूट लांब, तीन फूट रुंद, तीन फूट खोल. रोप माणसाच्या उंचीचे. भिंतीपासून आणि गटारापासून जमेल तितके दूर. नगरसेवकाच्या निधीतून गल्लीचे काँक्रीटीकरण होईल तेव्हा ठेकेदार बुंध्यापर्यंत सिमेंट ओततो. तेव्हा समोर उभे राहावे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतील झाडांभोवती एक मीटर परिघातले काँक्रीट काढण्याचा आदेश दिला होता, त्याचा दाखला द्यावा. केबलसाठी चर खणताना एका बाजूची मुळे तोडली की झाड त्याच पावसाळ्यात उलट बाजूला कलते, हेही त्याला सुनवावे.

आमच्या विहारामागच्या पिंपळाचे काय करायचे? १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार परवानगीशिवाय त्याला हात लावता येत नाही, आणि लावूही नये. वस्तीच्या बैठकीत दोन रविवार वाद झाला. काही उपासिका रडल्या. अखेर वृक्ष प्राधिकरणाकडे पुनर्रोपणाचा अर्ज करायचे ठरले. नाल्यापलीकडच्या मोकळ्या मैदानावर तो हलवावा, अशी मागणी आहे. अर्जावर एकशे बारा सह्या झाल्या आहेत. पहिली सही चेंबरमध्ये उतरलेल्या त्या भावाची आहे.